अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर १८७३ – २० ऑक्टोबर १९४७) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ व कृषिशास्त्रज्ञ होते. १९०५ ते १९३१ या काळात त्यांनी भारतात पुसा, क्वेट्टा आणि इंदूर येथे संशोधन केले. जंगलात जमिनीवर पडणारा पालापाचोळा कसा कुजतो आणि त्यातून जमिनीची सुपीकता कशी टिकते, या निरीक्षणाला शेतकऱ्याला वापरता येईल अशा खतनिर्मितीच्या पद्धतीचे रूप देणे, हे त्यांचे मुख्य कार्य मानले जाते. ही पद्धत इंदूर पद्धत या नावाने जगभर ओळखली जाते. आधुनिक सेंद्रिय शेतीच्या चळवळीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

बालपण आणि शिक्षण

हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीची कामे त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिली होती. पुढे अनेक शास्त्रज्ञांशी झालेल्या वादांत आपण शेतकऱ्याच्या घरातून आलो आहोत, याचा ते आवर्जून उल्लेख करीत. रेकिन कॉलेजमधील शालेय शिक्षणानंतर ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि त्यानंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये शिकले. केंब्रिजमधून त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली, तसेच कृषिविषयक पदविकाही घेतली.

वेस्ट इंडीज आणि वाय

१८९९ मध्ये हॉवर्ड बार्बाडोस बेटावर गेले. तेथे वेस्ट इंडीजच्या शाही कृषी खात्यात त्यांनी कवकशास्त्रज्ञ व कृषी व्याख्याता म्हणून काम केले. उसावरील बुरशीजन्य रोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. प्रयोगशाळेत रोगट पानांचे निरीक्षण करून उपाय सुचवायचे, मात्र ते उपाय स्वतःच्या जमिनीवर करून पाहण्याची सोय नाही, ही त्या पदाची मर्यादा त्यांना लवकरच जाणवली. रोग समजून घ्यायचा तर आधी निरोगी पीक आणि त्याखालची जमीन समजून घेतली पाहिजे, हे त्यांचे मत याच काळात आकाराला आले.

१९०३ ते १९०५ या काळात ते केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तेथे त्यांनी हॉप या वेलीवर संशोधन केले.

पुसा येथील कार्य

१९०५ मध्ये हॉवर्ड यांची भारत सरकारचे शाही आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. बिहारमधील पुसा येथे नुकत्याच स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत ते रुजू झाले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल या स्वतः नावाजलेल्या वनस्पतिशरीरशास्त्रज्ञ होत्या. तापमानाचा हरित वनस्पतींच्या कर्बग्रहणावर होणारा परिणाम हा त्यांच्या केंब्रिजमधील संशोधनाचा विषय होता. भारतातील जवळजवळ सर्व संशोधन या पतिपत्नींनी संयुक्तपणे केले. १९१३ मध्ये गॅब्रिएल यांना द्वितीय शाही आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद मिळाले.

पुसा येथे हॉवर्ड दांपत्याने गव्हाच्या सुधारित जाती निवडल्या. त्यांपैकी पुसा ४ आणि पुसा १२ या जाती उत्तर भारतात मोठ्या प्रमाणावर पसरल्या. याशिवाय तंबाखू, तेलबिया, डाळी आणि फळझाडे यांवरही त्यांनी काम केले. क्वेट्टा येथील फळसंशोधन केंद्राची जबाबदारीही काही वर्षे त्यांच्याकडे होती.

पुसा येथे त्यांना प्रयोगांसाठी स्वतंत्र जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांच्या पद्धती ते बारकाईने पाहत. रसायनांचा वापर न करता हे शेतकरी निरोगी पिके कशी घेतात, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. या शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींना ते आपले शिक्षक मानत. कीड किंवा रोग पडला, तर पिकाची जात जमिनीला साजेशी नाही किंवा जमिनीची मशागत चुकते आहे, असा त्याचा अर्थ ते लावत.

फळझाडांची मुळे खोदून काढून त्यांनी केलेला अभ्यास विशेष महत्त्वाचा ठरला. झाडाखाली गवत वाढू दिल्यास काही झाडे खुरटतात, तर काही तग धरतात; त्यामागे मुळांना मिळणाऱ्या हवेचा मोठा वाटा आहे, असे त्यांना आढळले. हा अभ्यास १९२५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जमिनीत हवा खेळती असणे हा विचार पुढे त्यांच्या खतनिर्मितीच्या पद्धतीच्याही केंद्रस्थानी राहिला.

इंदूर येथील संस्था

पुसा येथील संशोधन निरनिराळ्या विभागांत वाटलेले होते. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, कीटकशास्त्र आणि कवकशास्त्र यांचे स्वतंत्र कप्पे असल्यामुळे संपूर्ण पिकाचा एकत्र विचार करणे हॉवर्ड यांना कठीण वाटे. अशा विचाराला वाव देणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी प्रयत्न केले. १९२४ मध्ये इंदूर येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. संस्थेसाठी होळकर दरबाराने जमीन दिली, तर मध्य भारतातील संस्थाने व भारतीय केंद्रीय कापूस समिती यांनी आर्थिक साहाय्य केले. मध्य भारत व राजपुताना येथील संस्थानांचे कृषी सल्लागार म्हणूनही ते काम पाहत. १९२६ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

इंदूर येथील काळ्या जमिनीत कापूस हे मुख्य पीक होते. चांगले बियाणे दिले तरी जमिनीत सेंद्रिय द्रव्य नसेल, तर पीक पुरेसा प्रतिसाद देत नाही, हे तेथे स्पष्ट झाले. शेणाचा बराचसा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असे. पऱ्हाटी, तुराटी, उसाचे पाचट, तण आणि झाडांचा पाला हे पदार्थ मात्र शेतावर भरपूर होते. ते कुजवून त्यांचे खत करणे हा प्रश्न संस्थेने हाती घेतला. या कामात संस्थेतील रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड हे हॉवर्ड यांचे प्रमुख सहकारी होते. दोघांनी मिळून लिहिलेले द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंदूर पद्धतीची पहिली सविस्तर मांडणी या पुस्तकात आहे.

जंगलाचा आदर्श

हॉवर्ड यांच्या विचारात जंगलाला आदर्श शेताचे स्थान होते. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी तेथील जमीन पिढ्यान्‌पिढ्या सुपीक राहते. तेथे एकाच जातीची झाडे नसतात. वृक्ष, झुडपे, वेली व गवत एकत्र वाढतात आणि त्यांच्यासोबत प्राणी, पक्षी व कीटकही असतात. झाडांची खोल मुळे खालच्या थरांतील खनिजद्रव्ये वर आणतात, ती पानांत साठतात आणि पानगळीबरोबर पुन्हा जमिनीवर येतात. पालापाचोळा व प्राण्यांची विष्ठा एकत्र कुजून त्यांचे ह्यूमस बनते. पानांचा थर पावसाच्या थेंबांचा मारा अडवतो आणि पाणी जमिनीत मुरवतो. निसर्गाच्या या व्यवहारात वाढ आणि कुजणे यांचा तोल साधलेला असतो, तर आधुनिक शेतीने वाढीकडे लक्ष देऊन कुजण्याकडे दुर्लक्ष केले आहे, असे त्यांचे मत होते.

या विचाराला आधीच्या संशोधनाची पार्श्वभूमी होती. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गांडुळे पाने जमिनीत ओढून नेऊन माती कशी तयार करतात, हे दाखवले होते. १९४५ मध्ये निघालेल्या या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला हॉवर्ड यांनी प्रस्तावना लिहिली. डेन्मार्कचे वनशास्त्रज्ञ पी. ई. म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीच व ओक यांच्या रुंदपर्णी जंगलांतील ह्यूमसचे दोन प्रकार वेगळे केले होते. एका प्रकारात पाने गांडुळांमुळे मातीत पूर्णपणे मिसळतात, तर दुसऱ्यात ती आम्लधर्मी थराच्या रूपाने वरच साचून राहतात. चीनमधील शेतकरी सेंद्रिय पदार्थ कसे परत जमिनीत घालतात, याचे अमेरिकन शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ मध्ये केलेले वर्णनही हॉवर्ड यांच्यावर प्रभाव टाकणारे ठरले.

इंदूर पद्धत आणि विघटनाचे घटक

जंगलात पाने कुजण्याचा वेग अनेक घटकांवर अवलंबून असतो. हॉवर्ड व वाड यांनी यांपैकी प्रत्येक घटक माणसाच्या नियंत्रणात कसा आणता येईल, याचा विचार केला. त्यामुळे इंदूर पद्धतीचे वर्णन म्हणजे विघटनावर परिणाम करणाऱ्या घटकांची एक यादीच आहे.

ओलावा: पाने कुजवणाऱ्या बुरशी व जिवाणूंना पाणी लागते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पानझडी जंगलांत साग, ऐन, धावडा, सालई या वृक्षांची पाने मुख्यतः हिवाळ्याच्या शेवटी व उन्हाळ्यात गळतात. पाऊस येईपर्यंत ती जमिनीवर कोरडी पडून राहतात आणि पावसाळ्यात वेगाने कुजतात. दरम्यान वणवा लागला, तर त्यांचे ह्यूमस होण्याऐवजी राख होते. खड्ड्यात ओलावा बेताचा ठेवण्यावर हॉवर्ड यांचा भर होता. कमी पाण्यात काम थांबते आणि जास्त पाण्यात हवा कोंडते. म्हणून कोरड्या ऋतूत खड्डे आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, अशी योजना त्यांनी केली.

हवा: लिग्निनसारखी चिवट द्रव्ये मोडणाऱ्या बुरशींना प्राणवायू आवश्यक असतो. पाणथळ जागी पाने काळी पडून आंबतात, मात्र नीट कुजत नाहीत. इंदूर येथील खड्डे सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघे २ ते ३ फूट खोल असत. कडा उतरत्या ठेवल्या जात. खोली वाढवल्यास तळाशी हवा पोचत नाही, हे त्यामागचे कारण होते. सुमारे तीन महिन्यांच्या काळात ढीग तीन वेळा उलटला जाई.

तापमान: उष्णतेबरोबर सूक्ष्मजीवांची क्रिया वाढते. त्यामुळे पुरेसा ओलावा असेल तर उष्ण प्रदेशातील जंगलात पाने थंड प्रदेशापेक्षा लवकर कुजतात. खड्ड्यात ही उष्णता सूक्ष्मजीवांच्या क्रियेतूनच निर्माण होते. सुरुवातीला ती सुमारे ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि खत तयार होईपर्यंत हळूहळू उतरते. या उष्णतेने तणांचे बी व अनेक रोगजंतू नष्ट होतात.

कर्ब-नत्र गुणोत्तर: वाळलेल्या पानांत कर्ब भरपूर व नत्र थोडे असते. सूक्ष्मजीवांना शरीरवाढीसाठी नत्र लागते. ते पानांत पुरेसे नसेल, तर ते मातीतून घेतले जाते आणि काही काळ पिकाला नत्राची टंचाई भासते. सुरुवातीच्या मिश्रणात कर्बाचे प्रमाण नत्राच्या सुमारे ३३ पट असावे, असे इंदूर येथे आढळले. खत तयार होताना हे गुणोत्तर सुमारे १० वर येते. हे साधण्यासाठी तीन ते चार भाग वनस्पतिजन्य पदार्थांत एक भाग शेण व गोठ्यातील मूत्र मुरलेली माती मिसळली जाई.

मिश्रण: एकाच प्रकारची पाने स्वतंत्रपणे कुजवण्यापेक्षा अनेक वनस्पतींचे अवशेष एकत्र कुजवणे चांगले, हा नियम हॉवर्ड यांनी मिश्र जंगलावरून घेतला. मऊ हिरवा पाला आणि कठीण काड्या एकत्र आल्या की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते आणि ढिगात पोकळीही राहते.

आम्लता: कुजताना सेंद्रिय आम्ले तयार होतात. आम्लता फार वाढल्यास जिवाणू व गांडुळे यांचे कार्य मंदावते. चुनायुक्त जमिनीवरील जंगलात पाने लवकर मिसळून जातात, तर आम्लधर्मी जमिनीवर ती थराने साचतात. खड्ड्यात आम्लता आवरण्यासाठी लाकडाची राख व माती घातली जाई.

पानांचा कठीणपणा: कठीण व मेणचट पाने सावकाश कुजतात. पऱ्हाटी व तुराटीसारख्या कठीण काड्या गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरल्या जात आणि नंतर गोठ्यात जनावरांखाली अंथरल्या जात.

जीवसृष्टी: जंगलात वाळवी, गांडुळे आणि असंख्य कीटक पानांचे तुकडे करतात, त्यानंतर बुरशी व जिवाणू काम पूर्ण करतात. इंदूर पद्धतीत आधीच कुजत असलेल्या खड्ड्यातील थोडे मिश्रण नव्या खड्ड्यात विरजणासारखे मिसळले जाई.

पद्धतीचा प्रसार

१९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याआधी, १९३० मध्ये, गॅब्रिएल यांचे जिनिव्हा येथे निधन झाले होते. पुढे १९३१ मध्ये हॉवर्ड यांनी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ मॅथेई यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

निवृत्तीनंतरचा काळ त्यांनी इंदूर पद्धतीच्या प्रसाराला वाहिला. पूर्व आफ्रिकेतील कॉफीचे मळे, भारत व श्रीलंकेतील चहाचे मळे आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथील उसाचे मळे येथे ही पद्धत वापरली गेली. इंदूर येथील संस्थेत वाड व नवे संचालक एफ. के. जॅक्सन यांनी वस्तीतील मैला व कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी तिचा उपयोग करून पाहिला. एप्रिल १९३५ मध्ये महात्मा गांधी यांनी इंदूरच्या संस्थेला भेट दिली आणि त्यानंतर आपल्या हरिजन या पत्रातून कंपोस्ट खताचा पुरस्कार केला.

१९४० मध्ये प्रसिद्ध झालेला अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट हा हॉवर्ड यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. जंगलाचे वर्णन, इंदूर पद्धत आणि रासायनिक शेतीवरील टीका असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी या ग्रंथापासून प्रेरणा घेऊन १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीविषयक मासिक सुरू केले. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बॅल्फोर यांच्या कार्यावरही हॉवर्ड यांच्या विचारांचा प्रभाव होता.

नीरा खोरे आणि ऊसशेती

हॉवर्ड यांनी हाताळलेले प्रश्न महाराष्ट्रात नीरा नदीच्या खोऱ्यात ठळकपणे दिसतात. नीरा भोर तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते. तेथे पाऊस भरपूर आहे आणि जंगलातील पालापाचोळा दमट हवेत कुजतो. पूर्वेकडे वाहत ती पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात शिरते आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजजवळून पुढे जाऊन भीमेला मिळते. एकाच नदीच्या वरच्या भागात निसर्ग जमिनीला पाला पुरवतो, तर खालच्या भागात पाणी कालव्याने येते आणि सेंद्रिय द्रव्य शेतकऱ्यालाच जमवावे लागते. उष्ण हवा व वारंवार ओलित यांमुळे जमिनीत घातलेले सेंद्रिय द्रव्य लवकर कुजून संपते, ही येथील शेतीची मूलभूत अडचण आहे.

नीरेच्या डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती व इंदापूर भागात बारमाही ओलित सुरू झाले. काही वर्षांतच भारी काळ्या जमिनी क्षारपड होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यामार्फत तो प्रसिद्ध केला. कालव्याच्या पाण्याने होणारी क्षारपड हा हॉवर्ड यांच्याही चिंतेचा विषय होता. अति पाण्यामुळे जमिनीतील हवा कोंडणे आणि ह्यूमस कमी होणे यांचा या रोगाशी निकटचा संबंध आहे, असे ते मानत.

पुढे उजव्या कालव्याचे पाणी फलटण व माळशिरस तालुक्यांत पोचले. १९३२ मध्ये नीरेच्या खोऱ्यातच पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच दशकात अकलूजजवळ माळीनगर येथे सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभारला. नंतर सहकारी कारखानदारीमुळे अकलूज परिसर ऊसशेतीचे मोठे केंद्र बनला.

ऊसतोडणीनंतर शेतात हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट उरते. जंगलातील पानांप्रमाणेच पाचटही कर्बाने समृद्ध व नत्राने गरीब असते आणि लवकर कुजत नाही. पुढील मशागतीत किंवा खोडव्याच्या ओलितात त्याची अडचण होते, म्हणून ते पेटवून देण्याची रीत पडली. पाचट जाळल्यास त्यातील सेंद्रिय कर्ब व बहुतेक नत्र हवेत निघून जाते, तर न जाळता खोडव्यात सरीत ठेवल्यास ओलावा टिकतो, तण कमी होते आणि ते कुजून जमिनीत मिसळते. राज्यातील कृषी विद्यापीठे व ऊस संशोधन संस्था पाचटाची कुट्टी करून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस करतात. कुट्टी केल्याने पृष्ठभाग वाढतो, युरियाने कर्ब-नत्र गुणोत्तर खाली येते आणि जिवाणू विरजणाचे काम करतात. इंदूरच्या खड्ड्यात चुरलेल्या काड्या, शेण-मूत्र आणि जुने मिश्रण यांची जी भूमिका होती, तीच येथे या तीन गोष्टींची आहे. फरक इतकाच, की हॉवर्ड यांनी शेणमूत्रातून मिळवलेले नत्र येथे रासायनिक खतातून येते.

नंतरचे संशोधन

हॉवर्ड यांच्यानंतर पालापाचोळ्याच्या विघटनाचा अभ्यास परिस्थितिकीची एक स्वतंत्र शाखा म्हणून वाढला. १९५० च्या दशकात जाळीच्या पिशव्यांत वजन केलेली पाने भरून ती जंगलात ठेवण्याची आणि ठरावीक काळाने पुन्हा वजन करण्याची रीत रुजली. १९६३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेरी ओल्सन यांनी विघटनाचा वेग एका स्थिरांकाने मांडण्याची पद्धत दिली. १९८२ मध्ये मेलिलो, अबर आणि म्युराटोर यांनी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या रुंदपर्णी जंगलात केलेल्या अभ्यासात पानांतील लिग्निन व नत्र यांचे सुरुवातीचे गुणोत्तर जितके जास्त, तितका विघटनाचा वेग कमी, असे आढळले. केवळ कर्ब मोजणे पुरेसे नसून तो कर्ब किती चिवट स्वरूपात आहे हेही पाहावे लागते, हे यातून स्पष्ट झाले. हवामान, पानांची रासायनिक घडण आणि मातीतील जीव या तीन गटांत आज हे घटक विभागले जातात. इंदूर पद्धतीत या तिन्ही गटांचा विचार होता.

भारतातही इंदूर पद्धतीत बदल होत गेले. सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे १९३९ च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीत ढीग वारंवार उलटण्याचे श्रम वाचवले गेले. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात खत करण्याची नाडेप पद्धत रूढ केली. टाक्याच्या भिंतींत ठेवलेल्या छिद्रांतून हवा खेळते, त्यामुळे ढीग उलटावा लागत नाही.

टीका

हॉवर्ड यांच्या सर्वच मतांना शास्त्रीय जगात मान्यता मिळाली नाही. ह्यूमसयुक्त जमिनीत वाढलेल्या पिकांना, त्यांवर पोसलेल्या जनावरांना व माणसांना रोग होत नाहीत, हा त्यांचा दावा विशेष वादग्रस्त ठरला. पुसा येथील आपल्या बैलांना लाळ-खुरकूत झालेल्या जनावरांच्या संपर्कात येऊनही तो रोग झाला नाही, असे ते सांगत. मात्र अशा निरीक्षणांना नियंत्रित प्रयोगांची जोड नव्हती. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या दीर्घकालीन प्रयोगांत रासायनिक खतांवर गव्हाचे उत्पादन टिकून राहिल्याचे दिसले होते. हे प्रयोग लहान तुकड्यांवर केलेले असून खऱ्या शेताचे प्रतिनिधित्व करत नाहीत, असे हॉवर्ड यांचे म्हणणे होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यापासून चालत आलेला नत्र, स्फुरद व पालाश एवढ्यापुरताच जमिनीचा विचार त्यांना अपुरा वाटे. झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांना त्यांनी दिलेले महत्त्व पुढील संशोधनाने बऱ्याच अंशी योग्य ठरवले. तरी त्यावरून त्यांनी काढलेले सर्व निष्कर्ष सिद्ध झालेले नाहीत.

व्यवहारातील अडचणीही होत्या. खड्डा भरणे, पाणी घालणे आणि तीन वेळा उलटणे यांसाठी श्रम व पाणी लागते. मोठ्या मळ्यांना हे शक्य होते, तर छोट्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते कठीण जाई. या पद्धतीतील अनेक घटक भारतीय व चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रीतींतून आलेले असल्याने तिचे श्रेय एकट्या हॉवर्ड यांना देणे योग्य नाही, याकडेही लक्ष वेधले जाते. गॅब्रिएल हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचा वाटा लोकप्रिय लेखनात अनेकदा झाकला गेला आहे.

निधन आणि वारसा

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. लुईझ हॉवर्ड यांनी १९५३ मध्ये त्यांच्या भारतातील कार्याचा सविस्तर आढावा घेणारे पुस्तक प्रसिद्ध केले. इंदूर येथील संस्थेच्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले. कंपोस्ट करण्याच्या आजच्या बहुतेक पद्धतींत ओलावा, हवा, कर्ब-नत्र गुणोत्तर आणि मिश्रण यांचे जे नियम शिकवले जातात, त्यांची एकत्रित मांडणी इंदूर येथे झाली होती.

प्रमुख ग्रंथ

व्हीट इन इंडिया (१९०९, गॅब्रिएल हॉवर्ड यांच्यासह)
क्रॉप प्रॉडक्शन इन इंडिया (१९२४)
द डेव्हलपमेंट ऑफ इंडियन अ‍ॅग्रिकल्चर (१९२७, गॅब्रिएल हॉवर्ड यांच्यासह)
द अ‍ॅप्लिकेशन ऑफ सायन्स टू क्रॉप प्रॉडक्शन (१९२९, गॅब्रिएल हॉवर्ड यांच्यासह)
द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर (१९३१, यशवंत वाड यांच्यासह)
अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट (१९४०)
फार्मिंग अँड गार्डनिंग फॉर हेल्थ ऑर डिसीज (१९४५)